जुना प्रोसेसर, नवे गेम : कुठवर निभावेल?

लोणावळा-पुणे लोहमार्गावरील मळवली स्थानकापासून जवळच, लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांच्या पायथ्याशी भाजे हे गाव वसले आहे. प्राचीन लेण्यांमुळे त्याचे नाव सर्वपरिचित आहे. संगणकाच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ मात्र येथून दूर. एका दिशेला पुण्याची बुधवार पेठ, तर दुसऱ्या दिशेला मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. अशा ठिकाणी घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक असेल आणि मुलांना नवा गेम खेळायचा असेल, तर एक प्रश्न हमखास उभा राहतो. केवळ ग्राफिक्स कार्ड बदलून भागेल, की सगळा संगणकच बदलावा लागेल? उत्तर चुकले तर फेरीही वाया जाते आणि पैसेही. शहरातील घरांनाही हा प्रश्न चुकलेला नाही.

प्रोसेसरचे नेमके काम

पडद्यावरील चित्र रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. पण काय रंगवायचे, हे प्रोसेसर ठरवतो. प्रतिस्पर्ध्यांच्या हालचाली, वस्तूंची टक्कर, आवाज, इंटरनेटवरून येणारी माहिती हे सारे त्याच्याकडे असते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्रामागचा हा हिशेब सुमारे १६.७ मिलिसेकंदांत पूर्ण व्हावा लागतो. ३० चित्रांवर समाधान मानल्यास ही मुदत सुमारे ३३.३ मिलिसेकंदांची होते. मुदत पाळली गेली नाही की खेळ अडखळतो. अशा वेळी ग्राफिक्स कार्ड कितीही महागडे असले, तरी ते प्रोसेसरची वाट पाहत रिकामे बसते.

पुण्यातील महासंगणकाचा धडा

साध्या प्रोसेसरांकडून मोठे काम करून घेता येते, याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातच घडले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक साकारला. त्यात एकच अतिवेगवान प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक छोट्या प्रोसेसरांना एकत्र जोडून काम वाटून देण्यात आले होते.

मग जुन्या प्रोसेसरमध्ये चार किंवा आठ गाभे असतील, तर नवा गेम का चालू नये? अडचण कामाच्या वाटणीत आहे. शास्त्रीय गणिताचे तुकडे करून ते एकाच वेळी सोडविता येतात. गेममध्ये मात्र आधी खेळाडूने काय केले ते पाहायचे, मग त्याचा परिणाम काढायचा, मग चित्राची तयारी करायची, असा क्रम असतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम येथे लागू पडतो. निम्मे काम वाटून देता येण्याजोगे नसेल, तर कितीही प्रोसेसर जोडले तरी वेग दुपटीच्या पलीकडे जात नाही. म्हणून गेमसाठी गाभ्यांच्या संख्येइतकाच, किंबहुना अधिक, एकेका गाभ्याचा वेग महत्त्वाचा ठरतो.

पातळी ठरविणारे कन्सोल

बहुतेक मोठे गेम संगणकाबरोबरच कन्सोलसाठीही तयार होतात. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये आठ गाभे होते, पण त्यांचा वेग अवघा १.६ गिगाहर्ट्‌झ होता. त्या कन्सोलला झेपतील असे गेम २०११ च्या कोअर आय-५ २५००के सारख्या प्रोसेसरलाही बराच काळ झेपत राहिले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ आला. त्याच्या आठ गाभ्यांचा वेग ३.५ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो आणि त्यांची रचनाही कितीतरी आधुनिक आहे. तेथून जुन्या प्रोसेसरांची खरी ओढाताण सुरू झाली.

'सायबरपंक २०७७' या एकाच गेमच्या उदाहरणावरून हा बदल दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या किमान गरजांच्या यादीत २०१२ चा कोअर आय-५ ३५७०के होता. २०२३ मध्ये यादी सुधारली गेली, तेव्हा ती जागा कोअर आय-७ ६७०० ने घेतली आणि एसएसडीही आवश्यक ठरली.

मंदगती वेगळी, अडसर वेगळा

प्रोसेसर मंद असेल तर तडजोड करता येते. पण गेमला लागणारी आज्ञाच प्रोसेसरला ठाऊक नसेल, तर गेम सुरूच होत नाही. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' हा गेम एएमडीच्या फिनॉम प्रोसेसरांवर उघडेना, कारण त्यांत 'एसएसई ४.१' हा आज्ञासंच नव्हता. पुढे निर्मात्यांनी दुरुस्ती दिली. 'एव्हीएक्स' हा आज्ञासंच इंटेलच्या २०११ च्या, तर 'एव्हीएक्स २' हा २०१३ च्या पिढीपासून आला. गाभे कमी असल्यानेही असे घडते. २०१४ चा 'फार क्राय ४' दोनच गाभ्यांच्या प्रोसेसरांवर सुरू होत नव्हता.

तिसरा अडसर विंडोजचा. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका, तसेच टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. विंडोज ११ वर 'व्हॅलोरंट' खेळण्यासाठीही टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असावे लागतात.

कोणत्या पिढीकडून काय अपेक्षावे?

कोअर २ ड्युओ व कोअर २ क्वाड (२००६ ते २००९) : जुने गेम उत्तम चालतात. २०२० मध्ये 'व्हॅलोरंट'च्या किमान यादीत कोअर २ ड्युओ ई८४०० होता, पण तो सेकंदाला ३० चित्रांपुरता. नव्या मोठ्या गेमची आशा धरू नये.

इंटेलची दुसरी व तिसरी पिढी (२०११-१२) : २०२० पूर्वीचे बहुतेक गेम समाधानकारक चालतात. त्यानंतरचे अडखळतात, आणि 'एव्हीएक्स २' मागणारे उघडतच नाहीत.

चौथी ते सातवी पिढी (२०१३ ते २०१७) : आय-७ मधील चार गाभे व आठ धागे आजही ३० ते ६० चित्रांच्या मर्यादेत बरेच काही निभावतात. चारच धाग्यांचे आय-५ त्यामानाने लवकर थकतात.

आठवी पिढी, रायझन २००० व त्यापुढील : विंडोज ११ चालते. सहा गाभ्यांचा प्रोसेसर असल्यास आधी ग्राफिक्स कार्डाचा विचार करावा.

खरेदीपूर्वीची तपासणी

ही तपासणी घरबसल्या होते. आवडीचा एखादा जड गेम सुरू करून सेकंदाला किती चित्रे मिळतात ते पाहावे. नंतर चित्राची सूक्ष्मता कमी करावी, म्हणजे १०८० ऐवजी ७२० ठेवावी. चित्रांची संख्या लक्षणीय वाढली, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत होते. ती जवळपास तेवढीच राहिली, तर प्रोसेसर कमी पडतो आहे, आणि नव्या कार्डावरचा खर्च वाया जाईल. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो म्हणून निश्चिंत राहू नये. एक गाभा पूर्ण व्यग्र आणि बाकीचे मोकळे, असे चित्र नेहमीचे आहे. गर्दीची दृश्ये, दूरवरचे तपशील आणि सावल्या कमी केल्यास प्रोसेसरचा भार हलका होतो.

कमी खर्चाचे उपाय

मदरबोर्ड तोच ठेवून त्याच सॉकेटचा वरचा प्रोसेसर जुन्या बाजारातून घेता येतो. आय-५ २५०० च्या जागी आय-७ २६०० बसतो आणि चार धाग्यांचे आठ होतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ च्या अनेक मदरबोर्डांवरही, बायॉस अद्ययावत केल्यानंतर, २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो. मेमरीच्या दोन समान पट्ट्या आणि एसएसडी यांनीही अडखळणे कमी होते.

कार्ड घेताना सावधगिरी हवी. इंटेलच्या आर्क कार्डांना 'रीसायझेबल बार' ही सोय लागते, जी जुन्या बोर्डांवर सहसा नसते. २०२२ चे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चार मार्गिका वापरते, त्यामुळे जुन्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत त्याची गती घटते.

मावळासारख्या दमट, मुसळधार पावसाच्या भागात आणखी एक गोष्ट आधी करावी. पंख्यातील धूळ काढून प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. अनेकदा 'म्हातारा' ठरविलेला संगणक केवळ तापलेला असतो. वीज ये-जा करत असेल, तर यूपीएसही असावा.

एवढे करूनही आवडीचा गेम आज्ञासंच किंवा विंडोजच्या अटीवर अडत असेल, तर जुन्या यंत्रावर आणखी खर्च करू नये. नव्या संगणकासाठी पैसे साठवावेत आणि जुना अभ्यासासाठी ठेवावा. तोही उपयोगाचा उरला नाही, तर भंगारात न टाकता ई-कचरा संकलनासाठी द्यावा. बाजारपेठेची वाट धरण्यापूर्वी प्रोसेसरचे पूर्ण नाव, मदरबोर्डचे मॉडेल आणि घरच्या तपासणीचे आकडे कागदावर लिहून घेतले, तर दुकानदाराशी बोलणे सोपे होते आणि फेरी सत्कारणी लागते.