धामापूर (ता. मालवण)

धामापूर : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील एक लहान गाव. मालवण–कुडाळ रस्त्यावर, चौके आणि काळसे या गावांच्या दरम्यान, मालवण शहरापासून सुमारे 15 किमी आत ते वसले आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यातही याच नावाचे गाव आहे. पण कोकणात नुसते धामापूर म्हटले की बहुतेकांना मालवणातले आठवते, आणि तेही तिथल्या तलावासाठी.

समुद्र जवळ असूनही हे किनाऱ्याचे गाव नाही. इथे रापण नाही, पुळण नाही. तांबडी माती, जांभ्याचे सडे, सड्यांवरून खाली येणारे व्हाळ (ओढे) आणि व्हाळांच्या कडेने माड-पोफळीच्या बागा असा इथला मुलूख आहे. काळशाच्या पलीकडे नेरूरपारला कर्ली नदी लागते. ती पुढे देवबाग आणि भोगवे यांच्यामधून अरबी समुद्राला मिळते.

गावाचा इतिहास समजण्यासाठी आधी इथले पाणी समजून घ्यावे लागते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे 3,000 मिमी पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभा सच्छिद्र असल्यामुळे त्यात पाणी मुरते तसे लवकर झिरपूनही जाते. उतार तीव्र आणि समुद्र जवळ, त्यामुळे उरलेले पाणीही थांबत नाही. आषाढात दुथडी वाहणारा व्हाळ होळीच्या सुमारास कोरडा पडलेला दिसतो. पावसाच्या मुलखातली ही टंचाई बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही, पण कोकणातल्या प्रत्येक घराने ती अनुभवली आहे.

यावर धामापुरात सोळाव्या शतकातच उपाय झाला. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी 1530 मध्ये हा तलाव बांधला, असे मानले जाते. जागेची निवड फार जाणतेपणाने केलेली आहे. डोंगरांमधल्या खोलगट भागाचे तोंड बांध घालून अडवले, म्हणजे उरलेल्या बाजूंना डोंगरच भिंतीचे काम करतात. साठलेले पाणी पाटांनी खालच्या मळ्यांत जाते. ते उपसावे लागत नाही, उताराने आपोआप वाहते. त्यामुळे पावसाळी भातानंतर त्याच कुणग्यांत (भातखाचरांत) वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरचे दुसरे भात घेता येते आणि पोफळींना उन्हाळाभर ओल मिळते. भोवतालच्या डोंगरांवर दाट झाडी आहे. ती माती धरून ठेवते, म्हणून पावसाबरोबर तलावात येणारा गाळ कमी राहतो. तलाव इतकी शतके टिकला याचे श्रेय बांधाइतकेच या रानाला दिले पाहिजे.

तलावाच्या काठी भगवती देवीचे मंदिर आहे. मंदिराजवळून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. सकाळी वारा पडलेला असला की खालच्या पायऱ्या आणि त्यांचे प्रतिबिंब एकमेकांना चिकटून राहतात. पाणी नेमके कुठे सुरू होते ते बोट बुडवल्याशिवाय कळत नाही. तलावाची एक आख्यायिका गावोगाव सांगितली जाते. कुणाच्या घरी लग्न असले आणि दागिने नसले, तर फुलांनी भरलेली परडी देवीला सांगून पाण्यात सोडायची. परडी बुडे आणि पुन्हा वर येई ती सोन्याच्या दागिन्यांनी भरून. कार्य उरकले की दागिने परत करायचे. एकदा कुणीतरी ते परत केले नाहीत आणि देवीने देणे थांबवले. सामाईक ठेव वापरावी, पण जशीच्या तशी परत करावी, हा पाण्याला लागू पडणारा नियमच या कथेत दागिन्यांच्या रूपाने आला असावा.

रानात आणि पाण्यात जीवसृष्टी संपन्न आहे. तलावात पाणमांजरांचा वावर आहे. काठच्या उंच झाडांवर धनेश दिसतात; या भागात त्यांना माडगरुड म्हणतात.

तलाव झाला तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांना येऊन वीस वर्षे झाली होती. पुढे 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणच्या बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. मालवण आणि हा किल्ला नंतर करवीरकरांकडे (कोल्हापूरच्या छत्रपतींकडे) होते, ते 1812 मध्ये इंग्रजांकडे गेले. मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात राहिला आणि 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्यात आला.

आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने 2020 मध्ये धामापूर तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. हा मान मिळवणारे हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ. शंभर वर्षांहून जुन्या सिंचनरचनांचाच या यादीसाठी विचार होतो. त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील कंबम व पोरुमामिल्ला हे तलाव आणि कर्नूल–कडप्पा कालवा यांचीही निवड झाली. धामापूर या सोबत्यांपेक्षा आकाराने फार लहान आहे. पण एका गावाच्या गरजेपुरते बांधलेले काम त्यांच्या पंक्तीला बसले, हे विशेष. मालवण शहराच्या नळपाणी योजनेलाही याच तलावातून पाणी जाते.