रक्त केव्हा पाहावे?

कर्जतजवळच्या शेलूच्या शिवारातून जाणारा लोहमार्ग पुढे बोरघाट चढतो. आज तिथून जाताना कुणाला दुष्काळ आठवणार? पण १८७६ ते १८७८ या काळात देशावर अन्नाची वाण पडली, तेव्हा घाट उतरून कित्येक उपाशी कुटुंबे मुंबईच्या आश्रयाला आली. त्यांच्यामागोमाग आला एक विलक्षण ताप. पाचसात दिवस अंगाची लाही होई, मग एकाएकी घाम फुटून रोगी निवे. घरची माणसे देवापुढे साखर ठेवतात न ठेवतात, तोच आठवडाभराने स्वारी पुन्हा हजर!

त्या वेळी मुंबईत डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर होते. १८५८ साली निघालेल्या 'ग्रेज् अ‍ॅनाटॉमी'तील चित्रे यांच्याच हातची. नाव गाजले ते मात्र ग्रेचे. १८७७ साली कार्टरांनी या रोग्यांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तो काय, मळसूत्रासारखे पिळदार जंतू त्यात वळवळताना दिसले! बर्लिनच्या ओबरमायरने ते १८७३ मध्येच जाहीर केले होते. पण खरी गंमत पुढे आहे. ताप भरात असताना दिसणारे हे जंतू ताप उतरताच दिसेनासे होत. रोगी तोच, रोगही अंगात दबा धरून बसलेला, आणि रक्त मात्र स्वच्छ! तेव्हा सुई टोचायची वेळ सांगणार कोण, तर उष्णतामापक. कार्टरांचा या तापावरचा ग्रंथ १८८२ साली निघाला. हा ताप अंगावरच्या उवांमधून पसरत असावा, हे पुढे १९०७ साली नाशिकच्या साथीत मॅकी या डॉक्टराने दाखवले.

आजच्या अतिदक्षता विभागातही प्रश्न तोच आहे. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून जंतू वाढतात का, हे पाहतात. पण बहुतेक बाटल्यांत काहीच उगवत नाही. कधी कातडीवरचे निरुपद्रवी जंतूच उगवतात आणि रोग्याला नको ती औषधे मिळतात. बरे, परीक्षा टाळावी तर रक्तातला खरा संसर्ग काही तासांत घात करतो. म्हणून नाडी, रक्तदाब, ताप, रक्तातल्या पेशी यांच्या नोंदींवरून कुणाचे रक्त पाहावे, हा अंदाज आता संगणकाला शिकवू लागले आहेत. शिकवोत बापडे! पण दात वाजवणारी हुडहुडी खाटेजवळच्या परिचारिकेलाच आधी दिसते. आणि म्हाताऱ्या माणसाला तर कधी कधी रक्तात जंतू असूनही ताप येत नाही. शिवाय औषधाची पहिली मात्रा पोटात गेली की बाटली कोरी राहण्याचा संभव. त्यामुळे रक्त आधी, औषध मागून, असा दंडक आहे. मात्र रोगी फारच खचला असेल, तर रक्तासाठी औषध अडवून धरीत नाहीत.