भुयारातल्या पाहुण्या गाड्या

संस्थेचा इतिहास लिहिताना आपण बहुधा तिचे नियमित व्यवहार नोंदवितो. अपवाद मागे राहतात. परंतु त्या संस्थेने आरंभी कोणते स्वप्न पाहिले होते, याची साक्ष पुष्कळदा हे अपवादच देतात. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बाबतीत हे विशेष जाणवते. आज तिचे नाव घेतले की एका ठशाच्या, दर काही मिनिटांनी येणाऱ्या विजेच्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. त्याच भुयारांतून एके काळी विंडसरला आणि समुद्रकिनाऱ्याला जाणाऱ्या गाड्या धावल्या, मांसाच्या वाघिणी गेल्या, न्याहारी वाढणारे डबे गेले आणि एका पंतप्रधानाची शवपेटीही गेली.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली १८५३ साली. त्यानंतर दहा वर्षांनी, १० जानेवारी १८६३ रोजी, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही सुमारे सहा किलोमीटरची मेट्रोपॉलिटन रेल्वे प्रवाशांसाठी खुली झाली. तिचा खंदा पुरस्कर्ता चार्ल्स पिअर्सन हा सोहळा पाहावयास उरला नव्हता. तो आदल्या वर्षीच निवर्तला होता. भुयारात धूर कोंडेल म्हणून जॉन फाउलर या अभियंत्याने तापलेल्या विटांच्या उष्णतेवर चालणारे इंजिन करून पाहिले. ते फसले, आणि ‘फाउलरचे भूत’ या थट्टेच्या नावाने तेवढे स्मरणात राहिले. शेवटी आपली वाफ पाण्यात जिरविणारी, पण धूर सोडणारी इंजिनेच भुयारात शिरली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही रेल्वे केवळ शहरापुरती वाहतूक करण्यासाठी बांधलेली नव्हती. बाहेरून येणाऱ्या मोठ्या रेल्वेमार्गांना लंडनच्या व्यापारी पेठेपर्यंत पोहोचविणारा तो दुवा होता. म्हणूनच त्या भुयारात दोन मापांचे रूळ घातले होते. ग्रेट वेस्टर्न कंपनीचे रूळ सात फुटांहून किंचित अधिक रुंद, इतरांचे चार फूट साडेआठ इंच. प्रारंभी गाड्याही ग्रेट वेस्टर्नच्याच होत्या. मात्र उभय कंपन्यांत वितुष्ट आले आणि ऑगस्ट १८६३ मध्ये ग्रेट वेस्टर्नने आपले डबे व इंजिने काढून घेतली. तेव्हा मेट्रोपॉलिटनने ग्रेट नॉर्दर्नकडून गाड्या उसन्या आणून भुयार चालू ठेवले. घर आपले आणि भांडी शेजाऱ्यांची, असा तो संसार! दुसऱ्या मापाचे रूळ आधीच अंथरलेले नसते, तर जगातली पहिली भुयारी रेल्वे सात महिन्यांतच बंद पडण्याची वेळ आली असती.

पुढे मार्ग वाढत गेले तशा या पाहुण्या गाड्याही वाढल्या. १८८३ च्या मार्चपासून डिस्ट्रिक्ट रेल्वेची गाडी शहराच्या मध्यभागातून निघून थेट विंडसरला जाऊ लागली. राजवाड्याच्या गावी भुयारी रेल्वेने जाता येते, ही कल्पना मोहक होती. प्रवासी मात्र पुरेसे लाभले नाहीत आणि १८८५ च्या सप्टेंबरअखेर ती सेवा थांबली. स्मिथफील्डच्या मांसबाजाराखाली ग्रेट वेस्टर्नचे मालधक्के होते. मांसाच्या गाड्या मेट्रोपॉलिटनच्या रुळांवरूनच तेथे येत, आणि हा क्रम १८६९ पासून १९६२ पर्यंत चालला. वर बाजार, खाली धक्का आणि मधून माल चढविण्याची सोय, अशी ती व्यवस्था होती. १८९८ च्या मे महिन्यात ग्लॅडस्टन निवर्तले, तेव्हा त्यांचे शव वेल्समधील हॉर्डनहून वेस्टमिन्स्टरला आणताना अखेरचा टप्पा भुयारी मार्गाचाच होता. चार वेळा पंतप्रधान झालेल्या पुरुषाने संसदेच्या दारी अखेरचे यावे ते जमिनीखालून, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

या साऱ्यामागील महत्त्वाकांक्षा एका माणसात एकवटलेली दिसते. सर एडवर्ड वॉटकिन १८७२ पासून १८९४ पर्यंत मेट्रोपॉलिटनचा अध्यक्ष होता. इतर रेल्वे कंपन्यांचीही सूत्रे त्याच्या हाती होती. मँचेस्टरहून निघालेली गाडी लंडनच्या पोटातून, समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसला न्यावी, हे त्याचे स्वप्न. त्या स्वप्नापायी शहरी म्हणविणारी ही रेल्वे बकिंगहॅमशायरच्या शेतांत, बेकर स्ट्रीटपासून सुमारे पन्नास मैलांवरील व्हर्नी जंक्शनपर्यंत जाऊन पोहोचली.

त्याच टोकाला ब्रिलची ट्रामवे होती, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही. बकिंगहॅमच्या तिसऱ्या ड्यूकने १८७१ मध्ये आपल्या जमीनदारीतील मालासाठी ती बांधली. आरंभी तिच्यावर घोडे जुंपीत. मग साखळीने चाके फिरविणारी, रस्त्यावरच्या वाफेच्या यंत्रासारखी दिसणारी इंजिने आली, त्यांचा वेग माणसाच्या धावण्याएवढा. बडोद्याच्या वाचकाला येथे डभोई-मियागाम मार्गाची आठवण होईल. १८६२ साली महाराजा खंडेराव गायकवाडांच्या राज्यात तो मार्ग झाला, तेव्हा त्यावरील डबे बैल ओढीत. हाच ड्यूक पुढे १८७५ ते १८८० या काळात मद्रासचा गव्हर्नर होता आणि मद्रासच्या बकिंगहॅम कालव्याला त्याचेच नाव आहे. त्याच्या शेतावरची ही ट्रामवे १८९९ नंतर मेट्रोपॉलिटनने चालविली. १९३३ मध्ये लंडनची सारी शहरी वाहतूक एका मंडळाच्या हाती आली, तेव्हा गुरांच्या चाऱ्याची वाहतूक करणारी ही वाटही त्या मंडळाच्या पदरात पडली!

मंडळाने ती १९३५ मध्ये बंद केली. १९३६ मध्ये व्हर्नी जंक्शनची प्रवासी वाहतूकही थांबविली. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. प्रवासीच नसलेल्या स्थानकांसाठी लंडनकरांनी पैसे का मोजावेत? तथापि वॉटकिनने ज्या रेल्वेला देशाच्या रेल्वेजाळ्याचा दुवा मानले होते, ती आता शहराच्या कुंपणात शिरू लागली होती, हेही खरे.

उरलेले पाहुणे महायुद्धाने परत पाठविले. १९१० च्या १ जूनला दोन नवलाईच्या सेवा एकाच दिवशी सुरू झाल्या होत्या. डिस्ट्रिक्टच्या ईलिंगहून साउथएंडच्या समुद्रकिनाऱ्याला थेट गाडी निघाली. बार्किंगपर्यंत तिला विजेचे इंजिन ओढी, पुढे वाफेचे. आणि भुयारातून जाणाऱ्या त्या डब्यांत शौचालयही होते. मेट्रोपॉलिटनने ‘मेफ्लॉवर’ व ‘गॅलेटिया’ या नावांचे दोन पुलमन डबे आणले. सहा पेन्स किंवा एक शिलिंग अधिक मोजला की पेढीवाल्या गृहस्थाला शहरात येताना न्याहारी मिळे. रात्री नाटक सुटल्यावर परतताना जेवण. १९३९ साली या दोन्ही सेवा बंद झाल्या आणि युद्ध संपल्यावरही पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

युद्धाने काही निराळ्या गाड्याही दिल्या. बाँबवर्षावाच्या रात्री स्थानकांत आसरा घेतलेल्यांसाठी खाद्यपदार्थ घेऊन खास गाड्या जात. सेंट्रल मार्गाच्या पूर्वेकडील, अद्याप चालू न झालेल्या बोगद्यांत तर विमानांच्या सुट्या भागांचा कारखानाच उभा राहिला होता आणि तेथील माल इकडून तिकडे नेण्यासाठी बोगद्यात छोटे रूळ घातले होते. रेल्वेच्या बोगद्यात कारखाना आणि त्या कारखान्यात रेल्वे!

वाफ मात्र भुयारातून लगेच गेली नाही. दिवसा विजेच्या गाडीत बसणाऱ्याला कल्पनाही नसे, पण रात्री वाहतूक थांबली की ग्रेट वेस्टर्नकडे पूर्वी असलेली जुनी वाफेची इंजिने खडी आणि केरकचरा वाहून नेत. अगदी १९७१ च्या जूनपर्यंत. ज्या कंपनीने १८६३ मध्ये रागावून आपली इंजिने काढून घेतली, तिच्याच घडणीची इंजिने शेवटपर्यंत भुयारात राबली. रेल्वेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, १३ जानेवारी २०१३ रोजी, १८९८ सालचे ‘मेट्रोपॉलिटन नंबर एक’ हे इंजिन १८९२ चा एक डबा जोडून पुन्हा भुयारातून मूरगेटला गेले. गाडीच्या दुसऱ्या टोकाला ‘सॅरा सिडन्स’ नावाचे विजेचे जुने इंजिन जोडलेले होते.