बिलिंग्जगेटच्या मासळीवाल्या आणि जॉर्जियन व्यंगचित्रे

लंडन पुलाच्या खालच्या अंगाला, थेम्स नदीच्या उत्तर काठावर, बिलिंग्जगेट नावाचा एक जुना धक्का होता, आणि जॉर्जियन काळातील, म्हणजे 1714 ते 1830 या चार जॉर्ज राजांच्या कारकिर्दींतील, इंग्रजी व्यंगचित्रांत जी मासळीवाली वारंवार भेटते ती बहुधा याच धक्क्यावरची असते. 1699 मध्ये पार्लमेंटने कायदा करून हा धक्का सर्व प्रकारच्या मासळीसाठी खुला बाजार ठरवला आणि आठवड्याचे सहा दिवस तेथे व्यवहाराची मुभा दिली. रविवारी बाजार बंद असे. मात्र मॅकरेल हा बांगड्याच्या कुळातला मासा इतक्या लवकर नासतो की त्याच्यापुरती रविवारीही, प्रार्थनेच्या आधी किंवा नंतर, विक्रीची सवलत कायद्यातच घालावी लागली. रविवारचे पावित्र्य काटेकोरपणे पाळणाऱ्या देशाने मासळीच्या नाशवंतपणापुढे घेतलेली ही माघार ध्यानात ठेवली, तर चित्रांत ज्या गोष्टीची टिंगल होते तिचे मूळ कळण्यास मदत होते.

धक्क्यावर होड्यांतून उतरलेली मासळी पहाटे विकत घ्यायची, टोपलीत भरून डोक्यावर उचलायची आणि शहराच्या गल्ल्यागल्ल्यांतून ओरडत विकायची, असा या स्त्रियांचा धंदा होता. भांडवल थोडे, दुकान नाही, आणि दिवस चढेल तसतशी टोपलीतल्या मालाची किंमत उतरत जाणारी. अशा धंद्यात खरेदीच्या वेळी घासाघीस करताना आणि विक्रीच्या वेळी घरातल्या स्वयंपाकिणीपर्यंत हाक पोहोचवताना मोठा आवाज हेच मुख्य हत्यार ठरते. या आवाजाची कीर्ती अशी पसरली की बाजाराचे नाव शिवराळ भाषेलाच चिकटले आणि सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात त्याची त्याच अर्थाने नोंद केली.

चित्रकारांना हा विषय हाताशी तयार मिळाला होता. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्यांवर चित्रमालिका काढण्याची प्रथा युरोपात जुनी होती, आणि लंडनमध्ये मार्सेलस लारून या चित्रकाराच्या 1687 पासून प्रसिद्ध झालेल्या मालिकेत सहा पेन्सना चार मॅकरेल विकणारी बाई व खेकडे विकणारी बाई यांना प्रत्येकी स्वतंत्र पान मिळाले. लारूनने त्यांची थट्टा केलेली नाही. पुढच्या शतकातील छापील व्यंगचित्राचा बाजार मात्र वेगळ्या गिऱ्हाइकावर उभा होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून किंवा आम्लाने खोदून छापलेले हे सुटे कागद दुकानांच्या काचांत लटकत आणि रस्त्यावरून जाणारा कोणीही ते फुकट पाहू शके, पण पैसे मोजून ते घरी नेणारा वर्ग प्रामुख्याने खात्यापित्या घरचा होता. मासळीवाली ही त्या वर्गाच्या दारात रोज येणारी, म्हणून ओळखीची आणि तरीही परकी, अशी व्यक्ती होती.

चित्रकार विल्यम होगार्थने 1751 च्या फेब्रुवारीत ‘बिअर स्ट्रीट’ आणि ‘जिन लेन’ ही जोडचित्रे प्रसिद्ध केली, ती जिन या स्वस्त मद्याविरुद्धच्या मोहिमेला हातभार लावण्यासाठी. त्याच वर्षी पार्लमेंटने जिनविक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला. प्रत्येक चित्राची किंमत एक शिलिंग होती आणि खालच्या थरातील लोकांच्या सुधारणेसाठी ती शक्य तितकी स्वस्त ठेवल्याची जाहिरात झाली होती, जरी त्या थराला एक शिलिंगही स्वस्त वाटला असेल असे मानणे कठीण आहे. ‘बिअर स्ट्रीट’मध्ये, जेथे देशी बिअर पिणारे सर्वजण धष्टपुष्ट आणि समाधानी आहेत, दोन मासळीवाल्या टोपल्यांसह उभ्या असून त्यांचे लक्ष एका छापील गाण्याकडे लागले आहे. ते गाणे हेरिंग या माशाच्या मासेमारीवरचे, जॉन लॉकमन याने रचलेले आहे. डच लोकांच्या हातातला हेरिंगचा व्यापार इंग्रजांकडे यावा म्हणून 1750 मध्ये स्थापन झालेल्या मत्स्योद्योग संस्थेचा लॉकमन हा चिटणीस होता. म्हणजे या दोन बायकांच्या हाती होगार्थने राष्ट्रीय व्यापारधोरणच दिले आहे. त्या काळच्या व्यंगचित्रांत मासळीवाली भांडताना, पिताना आणि हसताना पुष्कळदा दिसते, पण वाचताना क्वचितच दिसते, आणि येथे तिला हा मान मिळाला तो ती सरकारमान्य बाजूला उभी आहे म्हणून, हे विसरता येत नाही.

परदेशी मासळीवालीच्या वाट्याला तो मान आला नाही. 1748 मध्ये फ्रान्समधील कॅले बंदरात वेशीचे रेखाटन करताना हेर समजून होगार्थची चौकशी झाली होती, आणि परतल्यावर त्याने काढलेल्या ‘कॅलेची वेस’ या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात काही फ्रेंच मासळीवाल्या स्केट या पाकटासारख्या चपट्या माशाभोवती बसून हसत आहेत. माशाचा चेहरा माणसासारखा आहे आणि त्या बायकांचे चेहरे त्या माशासारखे. फ्रेंचांच्या दारिद्र्यावरचा आणि कॅथलिक भोळेपणावरचा हा टोमणा होगार्थच्या चाहत्यांना गमतीचा वाटतो, पण त्यात निरीक्षणापेक्षा राग अधिक आहे. याच चित्रकाराने 1740 च्या दशकात डोक्यावर कोळंबीची टोपली घेतलेल्या मुलीचे एक भरभर रंगवलेले तैलचित्र केले होते. ते त्याच्या हयातीत विकले गेले नाही आणि आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिथली मुलगी कोणत्याही मुद्द्यासाठी उभी नाही, आणि त्यामुळेच ती होगार्थच्या मासळीवाल्यांत सर्वांत जिवंत आहे.

मासळीच्या महागाईचा प्रश्न त्या काळी ऐरणीवर होता. किनाऱ्यावर मासे विपुल असताना लंडनच्या गरिबांना ते परवडत नाहीत, याचे खापर कादंबरीकार आणि दंडाधिकारी हेन्री फील्डिंग याने आपल्या लिस्बन-प्रवासाच्या रोजनिशीत घाऊक व्यापाऱ्यांच्या मक्तेदारीवर फोडले. ती रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर 1755 मध्ये प्रसिद्ध झाली. बिलिंग्जगेटची पकड सैल व्हावी म्हणून वेस्टमिन्स्टर येथे दुसरा मासळीबाजार काढण्याचा कायदाही 1749 मध्ये झाला होता, पण तो बाजार फारसा रुजला नाही. व्यंगचित्रांनी या साठेबाज व्यापाऱ्याला गाजवले असते तर नवल नव्हते; पण त्यांच्या कोरणीखाली प्रामुख्याने आली ती साखळीतली शेवटची, सर्वांत कमी नफा कमावणारी आणि सर्वांत सहज दिसणारी बाई.

शतकाच्या अखेरीस तिची दोन रूपे शेजारी शेजारी विकली जात होती. फ्रान्सिस व्हीटलीच्या ‘लंडनच्या आरोळ्या’ या मालिकेत, जिची छापील चित्रे 1793 पासून निघू लागली, ताजे मॅकरेल विकणारी स्त्री स्वच्छ, नाजूक आणि विनम्र आहे, जणू तिच्या टोपलीतल्या माशांना वासच नाही. टॉमस रोलँडसनने 1799 मध्ये त्याच विषयावर काढलेल्या मालिकेत फेरीवाले आणि गिऱ्हाईक दोघेही ओबडधोबड आणि लबाड आहेत. पुढे रुडॉल्फ अकरमन या प्रकाशकाच्या ‘मायक्रोकॉझम ऑफ लंडन’ या ग्रंथासाठी ऑगस्टस प्यूजिनने इमारती व रोलँडसनने माणसे काढली, आणि 1808 च्या बिलिंग्जगेटच्या चित्रात नदी, डोलकाठ्या व गर्दी यांच्यापुढे बायकांची हाणामारी आली; बाजाराचा नेहमीचा दिवस दाखवायचा तर भांडण हवेच, हा संकेत तोवर पक्का झाला होता.

संकेत पक्का झाला की तो इतरांवर वापरता येतो. जेम्स गिलरेने 1795 मध्ये एका उमराव घराण्यातील स्त्रीच्या तोंडाळपणावर चित्र काढले आणि त्याला ‘बिलिंग्जगेटचे वक्तृत्व’ असे नाव दिले. मासळीवाली त्यात कोठेच नाही, फक्त तिची बदनामी उसनी घेतलेली आहे.

फ्रान्समध्ये मात्र बाजारातील स्त्रिया त्या सुमारास चित्राबाहेर पडल्या होत्या. पॅरिसच्या मासळीवाल्यांना राजघराण्यात अपत्य जन्मले की राणीचे अभिनंदन करायला जाण्याचा रिवाजसिद्ध मान होता, आणि फ्रेंच राज्यक्रांतीत, 5 ऑक्टोबर 1789 रोजी, भाकरीच्या टंचाईने संतापलेल्या बाजारातील बायका हजारोंच्या जमावासह व्हर्सायच्या राजवाड्यावर पोहोचल्या, त्या दुसऱ्या दिवशी राजाराणीला पॅरिसला घेऊनच परतल्या. ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कने 1790 मध्ये त्या मिरवणुकीतील स्त्रियांचे वर्णन नरकातल्या राक्षसिणींसारखे केले. त्याच वर्षी लेखिका मेरी वोलस्टनक्राफ्टने त्याला उत्तर देताना दाखवून दिले की बर्कला अभिप्रेत असलेल्या या स्त्रिया बहुधा भाजी किंवा मासे विकून पोट भरणाऱ्या आणि शिक्षणाचा लाभ कधीच न मिळालेल्या होत्या.

हा युक्तिवाद चित्रांच्या दुकानांपर्यंत पोहोचल्याचे दिसत नाही. 1808 मध्ये नेपोलियनने बायोन येथे स्पेनच्या राजघराण्यातील पिता-पुत्रांना बोलावून दोघांकडूनही राजत्याग करून घेतला, तेव्हा रोलँडसनने जेवणाच्या टेबलावर कडाडून भांडणाऱ्या त्या राजघराण्याचे चित्र ‘बायोनमधले बिलिंग्जगेट’ या नावाने काढले. दोन वर्षांनी त्याचे ‘कॉड कंपनीची मिरवणूक’ आले: सेंट जाइल्स या आयरिश गरिबांच्या वस्तीतून सुमारे दोन मैलांवरच्या बिलिंग्जगेटकडे डोक्यावर टोपल्या घेऊन निघालेल्या लठ्ठ बायकांचा तांडा. लंडनच्या मासळी व्यापाऱ्यांची मध्ययुगापासूनची प्रतिष्ठित कंपनी, म्हणजे व्यापारीसंघ, लंडन पुलाच्या टोकाशी आपल्या सभागृहात नांदत होती आणि अशा कंपन्यांच्या मिरवणुका शहराला परिचित होत्या. कॉड या माशाच्या नावाने या बायकांची कंपनी कल्पिण्यात जो विनोद आहे, त्याचा निम्मा रोख या बायकांवर असला तरी उरलेला निम्मा त्या सभागृहावर आहे.