सेंद्रिय प्रकाशपटलाची पूर्वपीठिका

फ्रान्समधील नान्सी येथे आंद्रे बर्नानोज यांनी १९५३ च्या सुमारास उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती विजेने सेंद्रिय रंगद्रव्ये प्रकाशमान करून दाखविली, आणि पुढे १९६३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी डांबरापासून मिळणाऱ्या अँथ्रासीनच्या स्फटिकातून एकदिश प्रवाहानेही तोच चमत्कार घडविला. परंतु त्यासाठी सुमारे चारशे व्होल्टचा दाब लागत असल्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीने त्या तेजाची किंमत शून्यच होती.

ही कोंडी फुटली ती रॉचेस्टर येथील ईस्टमन कोडॅक या, छायाचित्रणाच्या फिल्मवर जिची सारी दौलत उभी होती अशा, कंपनीच्या प्रयोगशाळेत. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी एकाच जाड स्फटिकाचा हव्यास सोडून, एक धनप्रभार वाहणारा व दुसरा इलेक्ट्रॉन वाहणारा, असे दोन अतिसूक्ष्म थर एकमेकांवर चढविले, आणि त्यांच्या सीमेवर दोहोंचा संयोग होऊन दहा व्होल्टांहूनही कमी दाबात हिरवा प्रकाश प्रकटला. हा वृत्तांत १९८७ साली प्रसिद्ध झाला. १९९० मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी बहुवारिकातूनही प्रकाश मिळविला.

पुढील अंमल मात्र पूर्वेकडे गेला. जपानच्या पायोनियरने १९९७ मध्ये मोटारगाडीतील ध्वनियंत्रावर अशा सेंद्रिय थरांच्या प्रकाशाने उजळणारे पटल बसविले, सोनीने २००७ मध्ये अकरा इंची दूरचित्रवाणी संच विक्रीस आणला, आणि २००९ मध्ये कोडॅकने आपला हा व्यवसाय कोरियाच्या एलजी समूहास विकला. शोधाची सनद एकाच्या नावे आणि वसूल दुसऱ्याच्या खजिन्यात, हा उद्योगजगताचा जुनाच दस्तूर येथेही पाळला गेला.