गवयाची वाट

आगगाडीने मिरजेचा गवई म्हैसूरपर्यंत नेला खरा. पण तंबोऱ्याचा भोपळा गर्दीचा धक्का सोसत नाही. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ वाद्यदुरुस्तीत स्वतःच निष्णात होते, हा त्यांच्या फिरतीत मोठाच आधार. वाटेत धारवाडास मुक्काम पडे. तेथे गंगूबाई हनगलांच्या मातोश्री अंबाबाई यांचे कर्नाटक गायन ते आवडीने ऐकत. खाँसाहेबांच्या सरगमेला वळण लाभले ते दक्षिणेच्या या ओढीनेच, असे मला वाटते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीस जाताना त्यांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावरच बिछाना घातला, नमाज पढली, तंबोरा जुळवून दरबारीत ईश्वराला आळविले आणि तेथेच प्राण सोडला. दफन मात्र मिरजेस, मीरासाहेबांच्या दर्ग्यात झाले. तेथे गवई आजही दरसाल हजेरी लावतात.