नगरच्या फरारबाई

आमच्या आजीला तारखा कधीच लक्षात राहिल्या नाहीत. प्लेगाच्या आधी, दुष्काळानंतर, रेव्हरंड टिळकसाहेब नगरात राहायचे तेव्हा, असा तिचा हिशेब. नाताळच्या करंज्यांना बसली की गोष्टींना सुरुवात व्हायची. सारण गूळखोबऱ्याचं, मैदा महाग म्हणून निम्मी कणीक. मुरड घालता घालता म्हणायची, "माझ्या आजीला अक्षर फरारबाईंनी दिलं गं पोरी." म्हणजे माझ्या खापरपणजीला.

आजीच्या गोष्टीत फरारबाई गलबतातून उतरायच्या त्या थेट नगरलाच. नगरला समुद्र कुठला, म्हणून आम्ही पोरं हसायचो. "मग चालत आल्या असतील," म्हणायची, आणि आम्हाला उलथन्यानं हाकलायची.

खरी वाट लांबचीच होती. सिंथिया फरार मूळच्या न्यू हॅम्पशायरच्या, जन्म १७९५चा. जून १८२७ मध्ये त्या बोस्टनहून निघाल्या आणि मुंबईला पोचल्या डिसेंबर सरता सरता. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे मिशनरी मुंबईत १८१३ सालीच आले होते. कंपनी सरकारनं त्यांना परत धाडायचा घाट घातला होता, तरी ते चिकटून राहिले. पण बायका यायच्या त्या मिशनऱ्याची बायको म्हणून. मुलींच्या शाळा बघायला एकटी बाई पाठवायची, हे बोर्डालाही नवंच होतं.

दहाएक वर्षांनी तब्येत ढासळली आणि त्या मायदेशी गेल्या. मला विचाराल तर त्यांची खरी सफर इथून पुढची. पहिल्या वेळी बोर्डानं बोलावलं म्हणून निघाल्या असतील, पुढचं काही माहीत नव्हतं. आता मुंबईचा उन्हाळा, ताप, महामारी, सगळं माहीत होतं. तरी १८३९ मध्ये परत आल्या, आणि या खेपेला नगरला.

आजी सांगायची, बाई लुगडं नेसायच्या आणि चुलीपुढे बसून बाजरीची भाकरी थापायच्या. लुगड्याचं काही मला पटत नाही. भाकरीचं मात्र खरं असावं असं उगीच वाटतं. खापरपणजी शाळेत गेली ती चोळीच्या खणासाठी, हीही घरचीच गोष्ट. नेमानं येणाऱ्या पोरीला वर्षाकाठी खण मिळायचा म्हणे. आमच्या एका काकांना हे चारचौघांत सांगितलेलं आवडायचं नाही. मला आवडतं. खणासाठी गेली, पण बाराखडी घेऊन आली ना! मिशन धर्म सांगायलाच आलं होतं, यात लपवण्यासारखं काय आहे? पण ज्यांनी धर्म घेतला नाही त्यांच्या पोरींच्या हातीही पाटी आली.

बाईंचं नगरचं हे काम जोतीराव फुल्यांनीही पाहिलं. त्यांचे मित्र गोवंडे नगरला नोकरीला होते, त्यांच्यासोबत ते फरारबाईंची शाळा बघायला गेले आणि पुण्याला परतून १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे नगरला याच बाईंकडे घेतले असं सांगतात. आजीला हे ठाऊक नव्हतं. शाळेच्या पुस्तकात वाचून मी तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "बघ, आमच्याच बाई!" जणू पुणेकरांनी उसन्या नेल्या होत्या.

खापरपणजीचा नवरा अखेरपर्यंत अंगठा उठवायचा आणि ती सही करायची. त्यावरून घरात धुसफुस चालायची, असं आजी हसत हसत सांगायची. पुढे पणजी बायबलबाई होऊन खेडोपाडी हिंडली, आणि आजी बोर्डिंगात शिकून मास्तरीण झाली.

फरारबाई पुन्हा कधी अमेरिकेला गेल्या नाहीत. जानेवारी १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

तुमच्या घरात सही करणारी पहिली बाई कोण होती, आणि तिला कुणी शिकवलं? घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर या दिवाळीला, नाताळला विचारून घ्या.